गळती नेमकी कुठे?

मालमोटारीखाली डिझेलचा डाग दिसला की आपल्याकडे दोनच निर्णय तत्काळ दिले जातात. मालक म्हणतो, मिस्त्रीने पाना नीट आवळला नाही; आणि शहाणी माणसे म्हणतात, गाडी जुनी झाली, मोडीत काढा. दोन्ही निर्णय साक्षीपुराव्यावाचून दिलेले असतात. वस्तुतः डिझेल जेथे ठिबकते तेथूनच ते गळत असते, असे क्वचितच घडते. वरच्या एखाद्या जोडातून सुटलेला ओघळ इंजिनाच्या अंगावरून घरंगळत येतो आणि सर्वांत खालच्या कडेशी थेंब धरतो. त्या कडेला लांबी थापणारा मिस्त्री गळती थांबवीत नाही; तिचा माग तेवढा पुसून टाकतो.

टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपूरला मालमोटारी काढण्यास आरंभ केला. त्या परंपरेतील जुन्या गाड्यांची इंधनव्यवस्था मुळात सरळ आहे. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, फिल्टरमधून ते मुख्य पंपात जाते, तेथून पोलादी नळ्यांतून नोझलांकडे, आणि उरलेले परतीच्या नळीने माघारी. परंतु या वाटेवर गळतीचे स्वरूप जागोजाग पालटते. फीड पंपाच्या अलीकडे डिझेल ओढले जात असल्याने तेथे फट पडली, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. खाली डाग नसतो. सकाळी मात्र गाडी सुरू होत नाही, क्लीनर हातपंप मारून थकतो, आणि दोष बॅटरीच्या माथी मारून मालक नवी बॅटरी घेतो. ‘गाडीने एअर घेतला’ हे गॅरेजातले वाक्य रोगाचे लक्षण सांगते, ठिकाण नव्हे. ठिकाण हवे असेल तर वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे कोणत्या जोडापासून सुरू होतात, हे पाहावे लागते.

फीड पंपाच्या पलीकडची गळती शोधण्यास लागते ती चिकाटी. इंजिन धुऊन कोरडे करावयाचे, संशयित जोडांवर खडूची पूड भुरभुरावयाची, इंजिन चालू करावयाचे आणि पहिली ओली रेघ कोठे उमटते ते पाहत बसावयाचे. पुष्कळदा अपराधी निघतो तो तांब्याचा वॉशर. एकदा दबून कठीण झालेला वॉशर पुन्हा बसविला तर तो नीट बसत नाही, आणि मग पाना अधिक जोराने आवळला जाऊन बोल्टचे आटेच जातात. नवा वॉशर नसेल तर जुना लाल तापवून नरम करण्याची युक्ती प्रत्येक जाणत्या फिटरला ठाऊक असते. नोझलांकडे जाणाऱ्या नळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. तेथील दाब चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्याही वर जातो. केसाएवढ्या चिरेतून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. ती हाताने चाचपणे हा शुद्ध अविचार होय. पुठ्ठा धरून पाहावे. हाच फवारा तापलेल्या धुराड्यावर पडला तर आग लागते. याहून कपटी गळती पंपाच्या आत असते: डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढलेली पाहून चालक सुखावतो, आणि पातळ ऑइलाने बेअरिंगे जातात.

तथापि एका गळतीचा दोष ना मिस्त्रीचा असतो ना केवळ वयाचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत कमाल १० भागांवर आले. हवेसाठी हा निर्णय योग्यच होता. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील अ‍ॅरोमॅटिक द्रव्येही घटतात. त्यांच्यामुळे वर्षानुवर्षे फुगून राहिलेली जुनी रबरी सीले नव्या इंधनात आकसू शकतात. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हा जुन्या गाड्यांच्या पंपांतून अशीच गळती सुरू झाली होती. उपाय आहे, व्हायटॉनसारख्या रबराची सीले बसविली की काम भागते. इंधन बदलण्याची तारीख सरकार ठरविते, तर जुन्या गाडीची सीले तपासा, एवढी सूचना पेट्रोल पंपावर लावणे अशक्य नसावे.

ही सारी मालकाची खाजगी चिंता, असे कोणी म्हणू नये. टाकीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गेला तर ढोबळ हिशेबाने दिवसाला दीड-दोन लिटर डिझेल जाते. एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्याला हे झेपणारे नाही. आणि ते सांडते घाटातल्या वळणावर, जेथे पहिल्या पावसात मागून स्कूटरवरून कोणी शिक्षक वा कारकून येत असतो.

आपल्याकडे मजुरी मिळते ती भाग बदलल्याची, दोष शोधल्याची नव्हे. दोन तास खडूची पूड घेऊन बसलेल्या मिस्त्रीला वॉशर बदलल्याचे चार पैसे देताना मालक कुरकुरतो, आणि विनाकारण उतरविलेल्या पंपाचे बिल मुकाट्याने भरतो. मग मिस्त्रीने पंपच का उतरवू नये? शोधाची मजुरी आधी वेगळी ठरवून दिली, तर पूड घेऊन बसणे त्यालाही परवडेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गातही नव्या संगणक-नियंत्रित इंजिनाशेजारी एक जुना, मुद्दाम गळता ठेवलेला पंप असावा, आणि परीक्षेत गुण द्यावेत ते तो दुरुस्त करण्याआधी दोष कोठे आहे हे दाखविण्याला.