यादीबाहेरचे बहिरेपण

ज्या नवजात बालकांच्या बाबतीत बहिरेपणाची जोखीम दिसते तेवढ्यांचीच श्रवणचाचणी करावी, धडधाकट बाळांवर पैसा खर्चणे ही चैन आहे, चाचणीत संशय निघाला तर आईबापांच्या जिवाला नसता घोर लागतो आणि मूल ऐकत नसेल तर ते पुढे कळतेच, असा पक्ष हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो.

या पक्षाची सारी भिस्त जोखमीच्या यादीवर आहे. अतिदक्षता विभागात ५ दिवसांहून अधिक मुक्काम, जन्मतः गुदमरणे, रक्त बदलावे लागण्याइतकी कावीळ, मेंदूज्वर, गर्भावस्थेत रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, घराण्यातील बालपणापासूनचे बहिरेपण, ही कारणे निर्विवाद आहेत. परंतु कायमचे बहिरेपण घेऊन जन्मलेल्या सुमारे निम्म्या बाळांत यांपैकी एकही आढळत नाही. आतील कानाच्या पेशींना जोडणारे कॉनेक्सिन-२६ हे प्रथिन ज्या जनुकावरून बनते, त्याची एकेक सदोष प्रत आईबाप दोघांकडे असली तरी दोघांनाही उत्तम ऐकू येते, आणि त्या दोन्ही प्रती मुलात एकत्र आल्या म्हणजे बहिरेपण प्रकटते. म्हणून ‘आमच्यात कोणी बहिरे नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते, आणि आते-मामे भावंडांच्या विवाहात तर अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो. या बाळांचा अपराध एवढाच की ती यादी वाचून जन्माला आली नाहीत. अमेरिकेत १९७०च्या दशकात अशाच यादीवर विसंबून पाहिल्यानंतर १९९३ साली तज्ज्ञसभेने सर्व बाळांच्या तपासणीची शिफारस केली. आपल्याकडे मात्र तो निकालात निघालेला वाद नव्या विचाराच्या थाटात मिरवला जातो.

खर्चाचा हिशेब मांडणारे उशिरा झालेल्या निदानाची किंमत त्यात धरीत नाहीत. घोर फेरचाचणीने फिटतो. ‘पुढे कळतेच’ हे खरे, पण भाषा रुजण्याचा काळ सरल्यावर.

तेव्हा प्रत्येक बाळाची चाचणी घरी सोडण्यापूर्वी, निदान पहिल्या महिन्यात, व्हावी. बहिरेपणाचे निदान ३ महिन्यांत व्हावे आणि श्रवणयंत्रादी उपाय ६ महिन्यांत सुरू व्हावेत. आतील कानातून परतणारा सूक्ष्म ध्वनी मोजणाऱ्या चाचणीत काविळीने झालेली श्रवणमज्जातंतूची हानी निसटू शकते, म्हणून अतिदक्षता विभागातील बाळांची, मेंदूपर्यंत पोहोचणारे संदेश नोंदवणारी ‘बेरा’ चाचणी करावी. यादीचे खरे काम त्यानंतरचे आहे: सायटोमेगॅलो विषाणूमुळे येणारे बहिरेपण पुष्कळदा जन्मानंतर उद्भवते, त्यामुळे पहिल्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या कोणत्या बाळाला पुन्हा बोलवायचे, हे तिने सांगावे.