इतिहासाचे धडे : अमात्यांचें आरमार आणि आजचा कप्तान

सूरजागडच्या डोंगरावरून समुद्र किती लांब आहे, हें शाळेंतील लहान पोरासही ठाऊक असतें. तरी या रानाचा समुद्राशीं अगदींच संबंध नाहीं असें म्हणतां येत नाहीं. येथील पावसाचें पाणी बांडियेंतून इंद्रावतींत व तेथून गोदावरींत मिळून पूर्वसमुद्रास जातें. आलापल्लीचें सागवान नांवाजलेलें आहे, आणि डोंगराच्या पोटांतील लोहदगड तर हल्लीं रोज गाड्या भरभरून बाहेर पडत आहे. जुनें जहाज सागाचें, नवें पोलादाचें. दोहोंचेंही द्रव्य येथें आहे. आतां येथील माणूसही दर्यावर जाऊं लागला आहे. आलापल्लीस लहानपण गेलेला माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर मुख्य अधिकारी असून लवकरच तो कप्तान व्हावयाचा आहे. त्याचें पत्र आलें : "गुरुजी, कंपनीनें आम्हांस नेतृत्वावर व्याख्यानें ऐकविलीं. त्यांत नेल्सन आला, शॅकल्टन आला. आपल्या इतिहासांत मजसारख्यानें वाचावें असें कांहीं आहे काय?"

ज्या घरांतील मुलें, आणि आतां मुलीही, समुद्रावर चाकरीस आहेत अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. म्हणून त्यास दिलेलें उत्तर थोडें विस्तारून येथें देतों.

संस्कृत शिकलेल्या माणसास प्रथम कौटिल्याचा नावध्यक्ष आठवतो. वादळानें भरकटत आलेल्या नावेवर बापाप्रमाणें अनुग्रह करावा, तिच्यांतील भिजलेल्या मालाची जकात माफ किंवा निम्मी करावी, असें अर्थशास्त्र सांगतें. मोठ्या नावेवर कोण कोण असावें हेंही तेथें आहे : शासक, निर्यामक, कोयता व दोर धरणारे, आणि पाणी उपसणारे. पाणी उपसणाराचें नांव शासकाच्याच समासांत बसविलें आहे, ही गोष्ट शिकवितांना मला नेहमीं आवडत असे. परंतु मीं त्यास वाचावयास सांगितलें तें दुसरेंच पुस्तक : रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र.

अमात्य लेखणीचे गृहस्थ; गलबत हांकणारे नव्हेत. शिवछत्रपतींच्या हाताखालीं कारभार शिकलेले, राजाराम महाराज जिंजीस असतां महाराष्ट्राचें राज्य सांभाळलेले, आणि वृद्धपणीं, इ. स. १७१५ मध्यें, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठीं त्यांनीं हें आज्ञापत्र सिद्ध केलें. त्यांत आरमाराचें एक प्रकरण आहे. वाचणारास वाटतें, येथें तोफांची व शौर्याची गोष्ट निघेल. परंतु अमात्यांचें बरेंचसें लक्ष पगाराकडे, लांकडाकडे, दोरखंडांकडे आणि वाऱ्याकडे आहे.

पगाराचें पाहा. आरमाराचा खर्च बंदरांच्या जकातीवर तोडून देऊं नये, असें त्यांचें सांगणें आहे. कारण काय, तर पैसा कमी पडला कीं आरमाराचे लोक व्यापाऱ्यांस नाडतील, व्यापारी येईनासे होतील, आणि बंदर बुडेल. म्हणून ठरलेला पैसा सरकारांतून वेळेवर पोंचावा. २००६ सालीं झालेल्या व २०१३ पासून अंमलांत आलेल्या सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारांत खलाशाचें वेतन महिन्याहून अधिक लांबवूं नये असा नियम आहे. मध्यें सुमारें तीनशें वर्षें गेलीं, पण रोग तोच आहे. आजही एखादा मालक जहाज परक्या बंदरांत टाकून नाहींसा होतो आणि खलाशी महिनोन्महिने पगारावांचून अडकून पडतात. कप्तान कांहीं आपल्या खिशांतून पगार देऊं शकत नाहीं. परंतु कोणाच्या घरीं पैसे पोंचले नाहींत हें त्यास ठाऊक असलें पाहिजे, आणि तें कंपनीस स्पष्ट लिहिण्याची त्याची तयारी पाहिजे. घरून "अजून पैसे आले नाहींत" असा निरोप आलेला माणूस रात्रीं पहाऱ्यावर उभा असतो, तेव्हां त्याचे डोळे समुद्राकडे असतात कीं घराकडे, हें आमच्या वाचक भगिनींस मीं सांगावयास नको.

आतां वाऱ्याविषयीं. वारा प्रतिकूल असतां हट्टानें झुंजूं नये, किल्ल्याच्या आश्रयास यावें, तरांडें व माणसें राखून मग शत्रूचा विचार करावा, असा अमात्यांचा कटाक्ष आहे. माघार घेणाऱ्या सरदारास ते भित्रा म्हणत नाहींत. आणि हें मराठ्यांच्या दर्यावरील अनुभवास धरूनच आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस खांदेरी बेटावर मराठ्यांनीं ठाणें घातलें, तेव्हां मुंबईकर इंग्रजांचीं गलबतें बेट अडवून बसलीं. मराठ्यांचीं तारवें लहान व उथळ. तीं वारा पडला कीं वल्ह्यांनीं पुढें सरत, रात्रीच्या अंधारांत बेटावर सामान पोंचवीत. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत इंग्रजांचें 'डव्ह' गलबत त्यांच्या हातीं लागलें, परंतु 'रिव्हेंज' हातीं आलें नाहीं म्हणून ते सर्वस्व पणास लावून बसले नाहींत. त्यांना बेट राखावयाचें होतें, आणि तें राहिलें. मायनाक भंडारी व दौलतखान हे दोघे त्या मोहिमेंतील प्रमुख. भंडारी, कोळी, मुसलमान अशीं नाना जातींचीं माणसें त्या आरमारांत एका ठाण्यासाठीं राबत होतीं. माझ्या विद्यार्थ्याच्या जहाजावर आज चार देशांचे लोक आहेत.

वाऱ्याचें भान सुटलें म्हणजे काय होतें, हें कोंकणांतील वडील माणसांस सांगावें लागत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ संपत आलेला, सणाला घरीं जाणाऱ्यांची गर्दी, समुद्र खवळलेला. बोट वाटेंतच कलंडली व सहाशेंवर माणसें गेलीं. मला येथें कोणास दोष द्यावयाचा नाहीं. परंतु धक्क्यावर घरीं जाण्यास उतावीळ झालेली माणसें उभीं असतां "आज बोट सुटणार नाहीं" असें म्हणणें किती कठीण असेल, याचा विचार प्रत्येक होणाऱ्या कप्तानानें एकदां तरी शांतपणें करावा. आज गर्दी धक्क्यावर नसते. ती निरोपांतून येते. अमुक तारखेस बंदर गांठलेंच पाहिजे, भाडें बुडेल, असा कंपनीचा तगादा चालूं असतो. १९९८ पासून लागूं झालेल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियमांत सुरक्षिततेच्या बाबतींत अखेरचा अधिकार कप्तानाचा, असें लिहिलें आहे. कागदावरचा हा अधिकार वापरण्याची संवय मात्र कप्तान होण्याच्या आधींच, खालच्या हुद्द्यावर असतांना, लावून घ्यावी लागते.

आज्ञापत्रांतील लांकडाचें कलम सूरजागडच्या बाजूस विशेष वाचण्यासारखें आहे. आरमारास साग लागतो, तो परवानगीनें सरकारी रानांतून तोडावा. परंतु आंबा, फणस यांस हात लावूं नये. कारण रयतेनें तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. जीर्ण झालेलें झाड हवेंच असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन घ्यावें. ज्या डोंगरावर माडिया लोक ठाकुरदेवाची यात्रा भरवितात, त्याच डोंगरांतून आज लोह निघत आहे. तेथील कारभाऱ्यांनीं हें कलम भिंतीवर लावलें तरी चालेल. कप्तानाचा याच्याशीं संबंध थोडा, हें मला मान्य आहे.

पण दुसऱ्या एका गोष्टीशीं त्याचा संबंध फार आहे, आणि ती अमात्यांच्या पुस्तकांत नाहीं, त्यांच्यानंतरच्या इतिहासांत आहे. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हालवीत परत गेले, इतका कान्होजी आंग्र्यांचा वचक होता. १७२९ मध्यें ते वारले. शेखोजी १७३३ मध्यें गेले, आणि मग भावाभावांत फूट पडली : मानाजी कुलाब्यास, संभाजी सुवर्णदुर्गाकडे. घरच्या फुटींत पेशव्यांचा हात शिरला, आणि पुढें त्यांचा तुळाजी आंग्र्यांशीं बिघाड होऊन त्यांनीं इंग्रजांस साह्यास घेतलें. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं इंग्रजांनीं विजयदुर्गावर तोफा डागल्या, तेव्हां तुळाजी स्वतः किल्ल्यांत नव्हते. ते पेशव्यांच्या छावणींत बोलणें करण्यास गेले होते. खाडींत सारीं गलबतें एकमेकांस बांधून ठेविलेलीं. एकावर गोळा पडून आग लागली, ती शेजारच्यावर गेली, त्यावरून पुढच्यावर. आणि कान्होजींच्या वेळेपासून वाढवीत आणलेलें आरमार एका दिवसांत पाण्याच्या कांठापर्यंत जळालें.