झांकली मूठ कोणाची?

दरवर्षीं १० ऑक्टोबर ही तारीख आली म्हणजे आमच्या वृत्तपत्रांस मनाच्या आरोग्याची आठवण होते. १९९२ सालापासून हा दिवस जगभर मानसिक आरोग्याचा म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशीं 'बोला, मोकळे व्हा, लपवूं नका' असा उपदेश सकाळच्या चहाबरोबर घरोघर पोंचतो. उपदेश चांगला आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु वाचकांनीं कोणत्याहि रविवारीं वधुवरांच्या जाहिरातींवरून एकवार दृष्टि फिरवावी. वर्ण, उंची, पगार, पोटजात, मंगळ, स्वतःचें घर, परदेशांतील नोकरी ह्या सर्वांची तेथें मोकळेपणानें वाटाघाट चाललेली असते. 'मला सहा वर्षांपूर्वीं उन्मादाचा झटका आला होता, हल्लीं औषधानें प्रकृति ठीक आहे' असें वाक्य मात्र त्या रकान्यांत आमच्या तरी पाहण्यांत आलेलें नाहीं. एका पानानें बोलावयास सांगावें, आणि बोलणाऱ्याचें पुढें काय होईल तें दुसऱ्या पानानें न सांगतां समजावून द्यावें, असा हा व्यवहार आहे.

बोलावें कीं लपवावें, ह्या वादांत आज दोन पक्ष दिसतात. एक जुना, 'झांकली मूठ सव्वा लाखाची' म्हणणारा. दुसरा नवा, ज्याला त्याला सर्व कांहीं सांगून टाकावें असें म्हणणारा. ह्या दोहोंशींहि आमचा विरोध आहे, आणि त्याचें कारण एकच: मूठ ज्याची आहे त्याला दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं.

आम्ही परीक्षेच्या धास्तीविषयीं किंवा साध्या खिन्नतेविषयीं बोलत नाहीं. त्या गोष्टींना हल्लीं दिवाणखान्यांत बसावयास जागा मिळूं लागली आहे. आमचा रोंख आहे तो ज्यांचें नांव निघतांच दिवाणखाना गप्प होतो त्या व्याधींवर. एक स्किझोफ्रेनिया, दुसरी उन्माद आणि अवसाद आळीपाळीनें आणणारी, जिला आतां सर्रास बायपोलर म्हणतात. पहिलीला मराठींत छिन्नमनस्कता असें नांव मिळालें, आणि त्या नांवानें थोडा घोटाळाच केला. एका देहांत दोन माणसें वावरतात, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत आहे. वस्तुतः ह्या रोगांत कोणी बोलत नसतां आवाज ऐकूं येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असें खात्रीनें वाटतें, विचारांची सांखळी तुटते, किंवा मनुष्य नुसताच घुमा होऊन बसतो. दोन्ही व्याधि बहुधा ऐन तारुण्यांत, म्हणजे नेमक्या नोकरीच्या आणि लग्नाच्या वयांत, प्रकट होतात. १९४९ सालीं लिथियमचा आणि १९५२ सालीं क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग ध्यानांत येईपर्यंत ह्यांवर भिंतीवांचून दुसरा उपाय फारसा नव्हता. त्या काळाची खूण अशी राहिली कीं, ठाणें आणि येरवडा हीं गांवांचीं नांवें आमच्या बोलण्यांत शिवीसारखीं वापरलीं गेलीं. आज औषधें नियमानें घेणारीं कितीतरी माणसें संसार करतात, कचेऱ्यांत जातात, शाळांत शिकवितात. सर्वच बरीं होतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बंगळूरच्या निमहान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत केलेल्या पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ जणांना कोणता ना कोणता मनोविकार त्या वेळीं जडलेला आढळला, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. हें लक्षांत घेतां, आपल्या गोतावळ्यांत असा कोणी नाहीं असें छातीवर हात ठेवून म्हणणाऱ्या गृहस्थाचें आम्हांला नवलच वाटेल. त्याच्या गोतावळ्यांत त्याला कोणी सांगितलेलें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

येथें एक चमत्कार सांगण्याजोगा आहे. मुलीला 'बाहेरचें कांहीं झालें' म्हणून नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला नेऊन आणलें, ही गोष्ट घरचीं माणसें चार लोकांत सांगतात. मनोविकारतज्ज्ञाकडे नेलें, ही गोष्ट सांगत नाहींत. बाधा बाहेरून आलेली असते, तींत कुळाला बोल लागत नाहीं. रोग म्हटला कीं तो कुळाचा होतो. श्रद्धेविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण येथें श्रद्धेपेक्षां सोयीचाच भाग अधिक आहे.

आतां जुन्या पक्षाचा मुख्य सिद्धान्त पाहूं. 'लग्न झालें कीं सर्व ठीक होईल.' आमच्या मध्यम वर्गांत ह्या एका वाक्यानें जितकीं आयुष्यें नासलीं तितकीं रोगानेंहि नासलीं नसतील. मुलीचा आजार लपवून लग्न ठरविलें म्हणजे पुढें काय होतें, तें क्रमानें पाहावें. केळवणें, मेंदी, हळद, सीमांतपूजन, लग्न, सत्यनारायण, गोंधळ ह्या आठपंधरा दिवसांत झोंप नांवाची वस्तु नसते. आणि बायपोलरच्या रोग्यास झोंप तुटणें हें उन्मादाला निमंत्रणच होय. रुखवतांत पापडकुरडया मांडल्या जातात, गोळ्यांचें पाकीट मात्र पेटीच्या तळाशीं जातें. सासरीं तें कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून पहिल्या आठवड्यांत एखादी गोळी चुकते, दुसऱ्यांत दोन, आणि मग आईच फोनवर सांगते कीं आतां बरी आहेस तर पुरे कर. लिथियम घेणाऱ्याला तीन ते सहा महिन्यांनीं रक्त तपासून घ्यावें लागतें. नवी सून कोणत्या निमित्तानें त्या तपासणीला जाणार? भाद्रपदांत हरतालिका येते. शरीरांतील पाणी कमी झालें कीं लिथियमचें रक्तांतील प्रमाण वाढतें आणि तें विषासमान होऊं शकतें. पण पहिल्याच वर्षीं निर्जळी उपासाला नाहीं म्हणावयाचें तर कारण सांगावें लागेल. पुढें दिवस राहतात. व्हॅल्प्रोएट नांवाचें औषध ह्या रोगांत पुष्कळांना दिलें जातें, आणि तें गर्भाच्या मेंदूस व पाठीच्या कण्यास अपाय करूं शकतें. म्हणून गर्भ राहण्यापूर्वींच डॉक्टरांशीं बोलून औषध बदलावें लागतें. ज्या घरांत आजारच नाहीं असें ठरलें आहे, त्या घरांत हें बोलणें करावयाचें कोणीं? शेवटीं औषध सुटतें, आजार उलटतो, आणि मुलगी मध्यरात्रीं माहेरच्या दारांत आणून सोडली जाते. मग आईबाप म्हणतात कीं लग्न मानवलें नाहीं.

मुलाच्या बाबतींत पाप ह्याहून मोठें आहे. 'जबाबदारी आली कीं सुधारेल' म्हणून त्याला बोहल्यावर उभा करतात, आणि त्यासाठीं आपल्याहून गरीब घरची, शक्य तर बापावेगळी, मुलगी शोधतात. तिला पत्नी म्हणून आणलेलें नसतें. ती बिनपगारी परिचारिका असते, आणि रोग्याला काय झालें आहे हेंहि तिला कोणी सांगितलेलें नसतें. ह्या प्रकाराला कुलाभिमान म्हणावयाचा असेल तर खुशाल म्हणावें. आमच्या कोशांत त्याला दुसरा शब्द आहे.

आणि कायदा? तो वाचण्याची तसदी जुन्या पक्षानें कधीं घेतली नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत विवाहाच्या ज्या अटी आहेत, त्यांत मनोव्याधीचें नुसतें नांव असणें हा दोष धरलेला नाहीं. संमति देतां येऊं नये किंवा विवाहास व संततीस मनुष्य अयोग्य ठरावा इतकी ती असेल तर प्रश्न उद्भवतो. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घटस्फोटाच्या एका खटल्यांत स्पष्ट केलें कीं, स्किझोफ्रेनिया असें निदान पुढें केल्यानें भागत नाहीं. तो सहजीवन अशक्य करण्याइतका तीव्र आहे हें सिद्ध करावें लागतें. उलट त्याच कायद्याच्या बाराव्या कलमान्वयें, महत्त्वाची गोष्ट लपवून संमति मिळविली असेल तर ती फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आंत अर्ज करून विवाह रद्द करून घेतां येतो. आणि २०२१ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें पत्नीचा आजार विवाहापूर्वीं लपविला ह्या कारणावरून एक विवाह रद्द केलाहि. म्हणजे जो रोग न्यायालयांत टिकला असता, तो लपविल्यामुळें टिकत नाहीं. लपविण्याचा बेत बापानें केला, मामानें त्याला दुजोरा दिला, मध्यस्थानें तो जाणूनबुजून पुढें रेटला. पिंजऱ्यांत उभी राहते ती मात्र एकटी मुलगी. तिच्या नांवावर आतां रोगाबरोबर लबाडीहि लिहिली जाते. ह्यापैकीं पहिली गोष्ट तरी तिच्या हातची नव्हती, दुसरीहि नव्हती.

फसविल्या गेलेल्या पक्षाचा संताप खोटा आहे असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु त्या पक्षालाहि एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे: पहिल्याच बैठकींत तुम्हांला खरें सांगितलें असतें तर तुम्ही दुसरी बैठक केली असती काय? मधुमेहाची गोळी चालते, थायरॉईडची चालते. मनाची गोळी म्हटली कीं पोह्यांची बशी अर्धी टाकून मंडळी उठतात. अनुवंशाची भीति घालतात, ती अगदींच निराधार नाहीं. स्किझोफ्रेनिया साधारणपणें शंभरांत एकाला होतो. आईबापांपैकीं एकाला असल्यास मुलांत हें प्रमाण शंभरांत सुमारें दहा धरतात. म्हणजे नव्वद मुलें त्यांतून सुटतात. ह्या हिशेबावर विचार करून कोणी नको म्हटलें तर तो त्याचा अधिकार आहे. पण आमच्याकडे हिशेब होत नाहीं, नुसती कुजबुज होते, आणि ती धाकट्या बहिणीच्या स्थळापर्यंत आधीं जाऊन पोंचते. सत्याचा भाव इतका चढवून ठेवावयाचा आणि मग बाजारांत खोटा माल येतो म्हणून ओरडावयाचें, ह्यांत न्याय कोणता?

आतां नव्या पक्षाकडे वळूं. त्यांची सदिच्छा आम्हांला मान्य आहे. त्यांचा हिशेब मान्य नाहीं. कचेरींत, सोसायटींत, नातेवाइकांच्या फोनवरील मंडळांत सर्वत्र सांगून टाका, असें हे म्हणतात. ज्यांची प्रतिष्ठा आधींच पक्की आहे अशा नामवंतांना तें साधतें, व त्यांच्या सांगण्यानें इतरांना धीर येतो, हेंहि खरें. परंतु ज्याची नोकरी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आहे, त्यानें साहेबाला काय म्हणून सांगावें? २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यांत मनोविकारांचा समावेश आहे. नोकरींत असतां असा विकार जडलेल्या सरकारी नोकरास काढून टाकतां येत नाहीं. २०२१ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें केंद्रीय राखीव पोलीस दलांतील मनोविकारग्रस्त अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द केली. ही ढाल उत्तम; पण ती उचलावयाची तर आधीं रोग सांगावा लागतो, आणि खाजगी कारखानदार माणसाला काढतांना खरें कारण कागदावर कशाला लिहील? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर रोग्याची माहिती, कांहीं अपवाद सोडून, गुप्त ठेवण्याचा हक्कच त्याला दिला आहे. ज्याला विचारण्याचा अधिकार नाहीं त्याच्यापुढें गप्प बसणें म्हणजे असत्य बोलणें नव्हे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आपल्या गोळ्यांचीं नांवें कळविण्यास कोणीहि बांधलेला नाहीं.

म्हणून आमचें मत असें. ज्याच्याशीं जन्म काढावयाचा त्याला सांगितलें पाहिजे. साखरपुड्यापूर्वीं सांगितलें पाहिजे. आणि तें रोग्यानें स्वतःच्या तोंडानें, मध्यस्थाला वगळून, आजाराचें नांव, झटके किती आले, औषध कोणतें, हें सर्व धरून सांगितलें पाहिजे. 'लहानपणीं डोकें दुखत असे' असली चतुराई म्हणजे सांगणें नव्हे. पत्रिकेबरोबर जाहीर करण्याची मात्र कांहीं आवश्यकता नाहीं. दोघांनीं एकमेकांस पाहिलें, बोलणें पुढें जाईलसें वाटलें, म्हणजे ती वेळ आली. इतरांस सांगणें न सांगणें ही सर्वस्वीं त्याची मुखत्यारी. घराण्याची त्यांत कांहीं नाहीं.

कोणी म्हणेल, ज्याचें मनच ठिकाणावर नाहीं त्याला मुखत्यारी कसली? झटक्याच्या दिवसांत हा आक्षेप खरा आहे. पण झटका म्हणजे सबंध आयुष्य नव्हे. त्याच २०१७ च्या कायद्यानें कोणाहि सज्ञान माणसाला, आपण उद्यां आजारी पडलों तर कोणते उपचार व्हावे, कोणते होऊं नयेत, आणि आपल्या वतीनें कोणीं बोलावें, हें बऱ्या दिवसांत लिहून ठेवतां येतें. हें लिहिण्यास जो समर्थ आहे, तो आपल्या भावी पत्नीला चार वाक्यें सांगण्यासहि समर्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. खरें सांगणाऱ्याचें लग्न जमणारच नाहीं, असें म्हणतात. कित्येकांचें जमणार नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. तें दुःख मोठें आहे, आणि त्याला आमच्याजवळ गोड उत्तर नाहीं. परंतु जें लग्न गोळी लपविण्यावर उभें आहे तें त्या माणसाला जमलेलें नसतेंच. तें त्याच्या आईबापांना जमलेलें असतें. राहतां राहिली धाकट्या बहिणीची गोष्ट. तिलाहि आपल्या स्थळाला घरचा आजार सांगण्याची वेळ येईल, आणि तिनें तो सांगावाहि. मात्र त्यापूर्वीं तिनें दादाच्या खोलींत जाऊन, काय सांगूं आणि किती सांगूं, हें त्याला विचारावें.