हाड बारीक, कीं ताट रिकामें?

पोर तीन वर्षांचें झालें तरी उंची धरीत नाहीं, अंग भरत नाहीं, म्हणजे आमच्या घरांतून एक ठरलेलें वाक्य निघतें, "आमचें हाडच बारीक." आजी म्हणते, सटवाईनें कपाळीं लिहिलें तें होणार. आजीचा आम्हांस राग येत नाहीं. तिला दुसरें कांहीं कोणीं सांगितलेंच नाहीं. राग येतो तो हेंच वाक्य आंकडेमोडीनें नटवून मांडणाऱ्या विद्वानांचा. अर्थशास्त्री अरविंद पानगढिया यांनीं 2013 सालीं प्रतिपादन केलें कीं, भारतीय मुलें आनुवंशिकतेनें ठेंगणीं असूं शकतात, म्हणून जागतिक मापानें त्यांचें कुपोषण फुगून दिसतें. म्हणजे दोष ताटाचा नव्हे, जन्माचा! जन्मावरून माणसाचें माप ठरविण्याची ही विद्या आमच्या वाडवडिलांनीं पुष्कळ सोसली आहे.

हीं जागतिक मापें आलीं कोठून? जागतिक आरोग्य संघटनेनें ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील सुमारें 8,500 मुलें मोजलीं व 2006 सालीं मापें प्रसिद्ध केलीं. भारतांतलीं मुलें दिल्लीच्या खात्यापित्या घरचीं. आईचें दूध, पुढें पुरेसा आहार, वेळेवर औषध मिळालेलीं हीं पोरें पांच वर्षांपर्यंत नॉर्वेच्या पोरांच्या जवळपासच वाढलीं. बारीक हाड कोठें गेलें मग? आई लहानपणीं उपाशी राहिली तर तिचें मूल लहान जन्मतें, आणि ती तूट एका पिढींत भरून निघत नाहीं, हें खरें. पण तो वारसा उपासाचा आहे, रक्ताचा नव्हे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर 100 मुलांत 35 खुजीं आढळलीं. त्यापूर्वींच्या, 2015-16 च्या पाहणींत हाच आंकडा 34 होता! अंगणवाडीच्या आहारासाठीं 2017 सालीं सरकारनें ठरविलेला दर मुलामागें दिवसाला 8 रुपये. त्यांतून एक अंडें आणलें कीं डाळीतेलास काय उरतें, हें दर ठरविणारांनीं स्वतः बाजारांत जाऊन पाहावें.

आमच्या पदरींही दोष आहेच. बारशाला कर्ज काढूं, पण पोटुशी सून सर्वांमागून खरवडलेलें खाते. सहा महिने उलटले तरी पोराच्या तोंडीं वरणभात द्यावयास आम्ही मुहूर्त शोधतों. आणि कोपऱ्यांत निपचित बसणाऱ्या मुलाला "गुणी" म्हणतों! तीन-चार वर्षांच्या मुलानें दिवसांतून तीन तास तरी हिंडावें, धांवावें, खेळावें. जें खेळत नाहीं तें पुष्कळदां भुकेलेलें असतें.

अंगणवाडींत वजनाचा दिवस येईल तेव्हां ताईंस विचारा : उंचीही मोजली काय? तक्त्यावर टिंब कोठें पडलें? मागच्या महिन्यांत कोठें होतें? सहा महिन्यांवरील मुलाचा दंड पट्टीनें 11.5 सेंटिमीटरांहून कमी भरला, तर "हाड बारीक" म्हणून घरीं परतूं नका. त्याच दिवशीं दवाखाना गांठा.