नाव ठेवा!

मराठी माणसाला नावं ठेवायला शिकवावं लागत नाही. शेजाऱ्याच्या पडद्यांपासून व्याह्यांच्या जेवणापर्यंत कशालाही तो नावं ठेवतो. पण तोच माणूस संगणकावर प्रोग्रॅम लिहायला बसला आणि ब्रँचला एक, फक्त एकच, नाव ठेव म्हटलं, की त्याची वाचा बसते!

ब्रँच म्हणजे बँकेची नव्हे. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता बाजूला आपली खुडबूड करायची आणि जमली तर मुळात मिसळायची, या सोयीला ब्रँच म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' लिहिलं आणि ब्रँच इतकी स्वस्त केली, की ती म्हणजे ४० अक्षरी खुणेची नुसती चिठ्ठी! स्वस्त झाली म्हणून आमच्या ऑफिसात पीक आलं. 'टेस्ट', 'टेस्ट२', 'नवीन', 'फायनल', 'फायनल-खरं'. एकानं तर स्वतःचंच नाव दिलं होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी बिलातली चूक सुधारून गिऱ्हाइकाकडे पाठवायची होती. सुधारणारे गृहस्थ रजेवर, फोन बंद. मी भाबडेपणानं 'फायनल' पाठवली. सुधारणा होती 'टेस्ट२'मध्ये! 'फायनल'मध्ये त्यांनी सहा महिन्यांपूर्वी अर्धवट टाकलेली हौस होती. सोमवारपर्यंत लोकांना दुप्पट रकमेची बिलं गेली आणि सगळ्यांनी माझ्या नावानं शंख केला.

गृहस्थ परत आल्यावर म्हणाले, "मला माहीत होतं की कशात काय आहे ते!" अहो, आमच्या आजीलाही माहीत होतं, बिस्किटांच्या डब्यात जिरं आहे. पण तो डबा आजीशिवाय कोणी उघडत नसे. तुमचा डबा दहाजण उघडतात!

दुसरे म्हणतात, "कामाचा नंबर दिला की पुरे." डेक्कन क्वीनलाही १२१२३ हा नंबर आहे. पण "मी १२१२३नं आलो" म्हणणारा पुणेकर मला अजून भेटायचाय. नंबर जरूर द्या, पण पुढे दोन शब्द लिहा.

तिसरे म्हणतात, "विचार करायला वेळ कुठाय?" तर ऐका. काय करतोय आणि कशाचं, एवढंच सांगायचं. 'दुरुस्ती/बिल-दुप्पट-रक्कम'. गिटला नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून मध्ये आडवी रेघ. झालं! चुकलं तर एका ओळीच्या आज्ञेत नाव बदलतं. राजपत्रात जाहिरात द्यावी लागत नाही.

एवढं तावातावानं बोलून मी माझ्या ब्रँचेस उघडल्या. पहिलीच होती 'तात्पुरतं'. वय वर्षं तीन. तिच्यात काय आहे, हे मला आजही सांगता येत नाही आणि पुसून टाकायचा धीरही होत नाही.

म्हणून सांगतो, पोराचं बारसं बाराव्या दिवशी चालेल, ब्रँचचं जन्मतःच उरका. तुम्ही नाव ठेवलंत, तर मागून येणारा नावं ठेवणार नाही.