तेल बदलू नका म्हणे!

कोल्हापुरात गाडीवर सल्ला द्यायला स्वतःची गाडी असावी लागत नाही. उद्यमनगरात चहाच्या टपरीवर नुसतं म्हणून बघा, "घरची गाडी जुनी आहे, ऑटोमॅटिक आहे." चहा यायच्या आत फुकट सल्ला हजर : "गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू नका. जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा!" हॉस्टेलवरचे मेकॅनिकलचे वीरसुद्धा हेच वाक्य छातीठोकपणे सांगतात. माझं म्हणणं सरळ आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि निदान आपण तरी तो पुढे ढकलू नये.

आधी हे तेल करतं काय ते बघू. साध्या गिअरबॉक्समधलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेलच कामगार असतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातूनच पुढे जाते. आतले क्लच दाबले जातात ते तेलाच्याच दाबाने. आणि यात तयार होणारी उष्णता बाहेर नेऊन टाकायची तीही तेलानेच. गगनबावड्याचा नाहीतर आंबा घाट उसाच्या ट्रकमागे रांगत चढताना कन्व्हर्टरमध्ये तेल नुसतं घुसळून निघतं आणि तापतं. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो, हा ठोकताळा आपण फर्स्ट इयरला पाठ केलाय. लालभडक तेल आधी तपकिरी, मग काळपट होतं, जळका वास येतो. क्लचच्या अस्तराची पूड फिल्टरमध्ये साठते, पंपाला तेल पुरत नाही, दाब पडतो, क्लच घसरतो आणि घसरला की आणखी तापतो. असं हे चक्र आहे.

मग मिस्त्री खोटं बोलतात का? नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण त्यातून काढलेला अर्थ चुकतो. लोक तेल बदलायला येतात कधी? गाडी 'डी'मध्ये टाकल्यावर दोन सेकंद विचार करून मग हलायला लागते तेव्हा! तोवर क्लचचं अस्तर जळून गेलेलं असतं. अशा गाडीत नवं तेल घातलं आणि आठ दिवसांत गिअरबॉक्स गेला, की नाव तेलाचं! रोगी दवाखान्यात गेला म्हणून दवाखान्यानेच मारला, असं म्हणण्यातला हा प्रकार. ज्यांनी वेळेवर तेल बदललं आणि ज्यांची गाडी मुकाट चालली, ते टपरीवर सांगायला येतच नाहीत. मात्र एक गोष्ट मान्य करतो : जो गिअरबॉक्स आधीच घसरतोय त्याला नवं तेल वाचवू शकत नाही.

काही कंपन्या 'तेल आयुष्यभर पुरेल' म्हणतात. पण आयुष्य कुणाचं? वॉरंटीचं की गाडीचं? पंधरा वर्षं जुन्या गाडीला हा प्रश्न विचारायलाच हवा.

आमच्या मामांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने गेलेला. क्लच दाबायचा प्रश्नच नाही, त्यामुळे ऑटोमॅटिक त्यांच्यासाठी चैन नव्हे, तर पाय आहे. एका गॅरेजवाल्याने त्यांनाही सांगितलं, "असू दे की साहेब, तेल बदललासा तर फुकट खर्चात पडशीला." जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करायचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीवर जातो. मग गाडी भंगारात आणि माणूस घरात. एका चुकीच्या सल्ल्याची ही किंमत आहे.

काम तसं अवघड नाही, पण धसमुसळेपणा चालत नाही. गाडी सपाट जागेवर, स्टँडवर पक्की. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. तेल कोमट असताना सोडा आणि निघालेलं मोजून ठेवा. चेंबर खोलल्यावर चुंबकावर राखाडी मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. धातूचे कपचे दिसले तर मात्र प्रकरण गंभीर. फिल्टर जाळीचा असेल तर धुता येतो, नमद्याचा असेल तर नवाच घालावा. काही गाड्यांत तो पोटात असतो, गिअरबॉक्स फोडल्याशिवाय हाती लागत नाही. तिथे नुसतं तेल बदलावं. आणि कृपा करून चेंबर कॉटन वेस्टने पुसू नका! त्याचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी पुरे. पॅकिंग नवं, बोल्ट समोरासमोरचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच.

आता गणित. खालून सोडलेलं तेल म्हणजे सगळं तेल नव्हे, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. समजा एका वेळी ४० टक्के बदललं. मग जुनं उरतं ६० टक्के, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा सुमारे २२. थोडं थोडं चालवून तीनदा बदललं की भागलं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या गाडीत मशीन लावून दाबाने फ्लश करू नये, बसलेला गाळ उठून नको तिथे जातो.

तेल कोणतं? मॅन्युअल सांगेल तेच. सीव्हीटीचं वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं. आणि २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटीत तर टॉर्क कन्व्हर्टरच नाही. तो साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. 'ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक' म्हणून सरसकट लाल तेल ओतणारे महाभाग असतात, म्हणून सांगितलं.

कोल्हापूरकरांसाठी अजून एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, तसली सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना तेल आधी बघा. ते सोलकढीसारखं गुलाबी दिसलं तर आत पाणी आहे. पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं. असली गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच.

वर्कशॉपच्या सरांना एक विनंती. आपल्याकडे गिअर ट्रेनचं गणित फळ्यावर सुटतं, पण चेंबर खोलून त्या चुंबकावरचा लेप बोटाने चोळून पाहिलेली पोरं किती? सेमिस्टरमधला एक शनिवार त्यासाठी द्या आणि उद्यमनगरातल्या एखाद्या मिस्त्रींनाही बोलवा. त्यांचा हात आणि आपलं पुस्तक एकत्र आलं तर दोघंही शहाणे होतील. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेकॅमेरा घडवला होता. त्या गावच्या इंजिनिअरने चार लिटर तेलाला भ्यायचं, हे काही बरं दिसत नाही राव!