स्विचमागचा गुंता

घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे दोन-चार जण प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात असतात. डब्याला बाहेरून ऐटदार नॉब, आणि झाकण उघडलं की आत वायरींचं जंगल! त्या जंगलाचंही कोण कौतुक! ‘सगळं हाताने जोडलंय बॉस, बोर्ड-बिर्ड काही नाही.’ मला हे पटत नाही. रोटरी स्विचसाठी छोटासा सर्किट बोर्ड बनवणं हा आळस नाही. उलट, डीआयवायमधलं खरं शिकणं तिथेच सुरू होतं.

हा स्विच लागतो कशाला? स्वस्तातल्या स्टिरिओ व्हॉल्यूम पॉटमध्ये दोन चॅनलसाठी दोन पट्ट्या असतात. आवाज अगदी कमी केला की त्या दोघींचं जमत नाही आणि मधोमध ऐकू येणारा गायक एका स्पीकरकडे सरकतो. यावर उपाय म्हणजे स्टेप्ड अटेन्युएटर. २४ पोझिशनचा रोटरी स्विच आणि पायरीपायरीला ठरलेल्या किमतीचा रेझिस्टर. सीरिज पद्धतीत एका चॅनलला २३, म्हणजे स्टिरिओला ४६ रेझिस्टर. शेवटची पोझिशन पूर्ण शांत ठेवली आणि दर पायरी २ डेसिबल धरली, तर ४४ डेसिबलची रेंज मिळते.

आता हे ४६ रेझिस्टर स्विचच्या इवल्याशा पायांवर हवेत लटकवत सोल्डर करून बघा. आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की प्लास्टिक मऊ पडतं आणि पाय हलतो. एखादा रेझिस्टर चुकला तर तो शोधताना नाकी नऊ येतात. तेच रेझिस्टर बोर्डवर ओळीत बसवले, शेजारी किंमत छापली, की चूक डोळ्यांना दिसते. मल्टिमीटर टेकवायलाही जागा मिळते.

आता तुम्ही म्हणाल, मग तयार बोर्डच विकत घेऊ की! जरूर घ्या, पण दुसऱ्यांदा. पहिला स्वतः काढा. किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं, पुढे ‘सर्न’सारख्या संस्थेनेही त्यात हातभार लावला. बोर्ड काढायला बसलात की प्रश्न आपोआप समोर येतात. स्विचला पीसीबीच्या पिना आहेत की वायर अडकवायचे लग? पिनांचे नंबर पुढून मोजलेत की मागून? इथे आरसा झाला की नॉब उलटा चालतो. व्हॉल्यूमसाठी पुढचा संपर्क जोडल्यावरच आधीचा सोडणारा स्विच हवा, नाहीतर स्पीकरमधून ‘टक्’ येतं. इनपुट निवडायला मात्र उलटा प्रकार हवा, म्हणजे दोन उपकरणं क्षणभरही एकमेकांना जोडली जात नाहीत. आणि नॉब फिरवण्याचा जोर कुणी सोसायचा? पॅनेलवरच्या नटाने, बोर्डच्या सोल्डरने नव्हे.

ऑर्डर देण्याआधी लेआउट कागदावर मूळ मापात प्रिंट करा आणि त्यावर स्विच टेकवून बघा. पिना जुळल्या नाहीत तर नुकसान एका कागदाचं. बाहेरून बनवायला पैसे नसतील तर लॅबमध्ये फेरिक क्लोराइड असतंच. एकाच बाजूच्या तांब्यावरही साधा बोर्ड निघतो. फक्त एक पथ्य पाळा. हा बोर्ड सिग्नलसाठी आहे, २३० व्होल्टचा मेन्स त्यावर आणायचा नाही.

प्रोजेक्टच्या नावाखाली लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून तयार मॉड्यूल आणायचं, चार जंपर लावायचे आणि व्हायवाला उभं राहायचं, हे सर्रास चालतं. परीक्षकाने ‘हाच स्विच का?’ विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. स्वतः काढलेला बोर्ड आकाराने काडेपेटीएवढा असेल, पण त्यातल्या प्रत्येक रेषेचं कारण तुम्हाला सांगता येतं. मार्कांपेक्षा ही गोष्ट नोकरीच्या मुलाखतीत जास्त कामाला येते.

शिवाय बोर्ड बनवणारे सहसा एकच नग देत नाहीत, पाच-दहा एकदम देतात. उरलेले ड्रॉवरमध्ये टाकू नका. फाइलसकट ज्युनिअर्सना द्या आणि त्यांना सांगा, ‘यात काय सुधारता येईल ते शोधा.’ नाहीतर दरवर्षी नवी बॅच येणार आणि तेच जंगल पुन्हा पहिल्यापासून उगवणार.